बुधवारचा ताळेबंद

बुधवार हा आमच्या घरी सामिषाचा वार. पेणच्या बाजारात त्या दिवशी मासळीवाल्यांच्या पुढ्यात सकाळपासून गर्दी असते आणि संध्याकाळी गल्लीगल्लीतून तांदळाच्या भाकरीचा आणि वाटपाचा वास येत असतो. अशाच एका बुधवारी, गेल्या पावसाळ्यात, रात्री पावणेनऊला माझ्यासमोर टेबलावर एक काचेचं खोलगट भांडं आलं. वर चीजचा तांबूस पापुद्रा, कडेला बुडबुडणारा पांढरा सॉस, आत नळीच्या आकाराचा पास्ता आणि त्यात दडलेले खिम्याचे गोळे. सूनबाईंनी केलेलं होतं. चौथीतली नात टाळ्या वाजवत होती. मी मात्र, कोकणी माणसाला शोभेल अशा तुसडेपणानं म्हणालो, "हे काय? मैद्याच्या चिखलात खिमा बुडवलास?"

सून रागावली नाही. पनवेलचं ऑफिस, तिथून गच्च भरलेल्या एसटीतला उभ्यानं प्रवास, हे सगळं अंगावर घेऊन आलेली ती शांतपणे म्हणाली, "बाबा, ह्याला सगळा मिळून सव्वा तास लागतो. त्यातली शेवटची पंचवीस मिनिटं ते ओव्हनमध्ये असतं. तेवढी पंचवीस मिनिटं मी बसते."

एवढंच. पुढे ती वाढायला लागली.

छत्तीस वर्षं मी बँकेत आकड्यांशी झगडलो आहे. एखादा आकडा खरा असला की तो खटकन लागतो. हा लागला. पंचवीस मिनिटं बसायला मिळावं म्हणून एखादी बाई स्वयंपाकाचा पदार्थ निवडते, ही गोष्ट मला सहासष्टाव्या वर्षी कळत होती आणि तीही घरातल्याच माणसाकडून.

त्या दिवसांत घरची परिस्थिती अशी होती की माझ्या पत्नीचा उजवा खांदा आखडला होता. हात डोक्यापर्यंत जात नव्हता, पोळी लाटणं तर दूरच. निवृत्त शिक्षिका असलेली ही बाई चाळीस वर्षांत पहिल्यांदा सक्तीनं स्वयंपाकघराबाहेर बसली होती. मुलगा रोह्याजवळ धाटावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला, त्याच्या पाळ्या बदलत्या. मग रात्रीचं जेवण कोणाकडे गेलं? त्यावर घरात चर्चा झाली नाही. ठराव झाला नाही. ते आपोआप सुनेकडे गेलं, उतारावरचं पाणी जसं खाली जातं तसं. दिवसभर घरी असलेला, दोन्ही खांदे शाबूत असलेला एक पुरुष त्या घरात होता. त्याचं नाव कोणाच्या मनात आलं नाही. त्याच्या स्वतःच्याही नाही.

* * *

मी १९८९ ते १९९५ या काळात रोह्याच्या शाखेत होतो. रोहा म्हणजे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांच्याशी नातं सांगणारं गाव, त्यामुळे तिथे बँकेत काम करणाऱ्याला उगाचच दोन इंच उंच झाल्यासारखं वाटे. पेणहून कासू, नागोठणे करत गाडी रोह्याला जायची. कोकण रेल्वे अजून पूर्ण व्हायची होती, सुरुवातीला तर रोहा हेच शेवटचं स्टेशन. संगणकाआधीचे दिवस. दिवसअखेर रोख जुळली नाही, अगदी एका रुपयाचा फरक असला, तरी आम्ही सगळे थांबायचो. लेजर पुन्हा तपासायचं, व्हाउचरांचा गठ्ठा पुन्हा मोजायचा. फरक सापडला की चहा मागवायचा आणि मग घर. पेणला पोचायला रात्रीचे आठ, कधी नऊ.

घरी पोचलो की ताट वाढलेलं असे. गरम भाकरी तव्यावरून थेट ताटात. वालाचं बिरडं, कधी बोंबील, कधी सुकटीची चटणी. माझी आई, मी आणि मुलगा जेवायचो. पत्नी ओट्याशी उभी. गरम भाकरी हवी असेल तर ती करणारी माणसं शेवटी जेवतात, हा इतका साधा हिशोब आहे. पण एका रुपयासाठी रात्री आठपर्यंत थांबणाऱ्या मला घरातली ही रोजची तफावत कधी दिसली नाही. तीही पाच वाजता शाळेतून येई. नळाला पाणी सहाला येई. सहा ते नऊ ती काय करत होती, हे मी सहा वर्षांत एकदाही पाहिलेलं नव्हतं. कारण मी पोचायचो तेव्हा ते सगळं होऊन गेलेलं असे.

आणि दुसरी गोष्ट याहून लाजिरवाणी. मी कादंबऱ्या लिहितो. रायगडच्या मातीतला लेखक म्हणून चार लोक ओळखतात. त्या बुधवारनंतर मी माझीच पुस्तकं कपाटातून काढली आणि चाळली. पोपटीची वर्णनं तीन ठिकाणी सापडली. ऐन थंडीत, भात कापून झाल्यावर शेतातल्या उरल्या ओलीवर वाल येतो; त्या शेंगा, मीठ, ओवा, अंडी, मसाला लावलेलं कोंबडं मडक्यात भरायचं; तळाशी आणि तोंडाशी भांबुर्ड्याचा पाला दाबायचा; मडकं उपडं घालून भोवती पेंढा, गोवऱ्या, लाकडं रचून पेटवायचं. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. अर्ध्या-पाऊण तासानं मडकं उघडलं की जो वास येतो, त्यावर मी पानंच्या पानं खर्ची घातली आहेत. कुंडलिकेच्या काठी, रोह्याच्या मित्रांबरोबर घालवलेल्या त्या रात्रींना मी अजूनही विसरलेलो नाही.

पण बुधवारच्या साध्या रात्रीच्या जेवणाचं वर्णन? चारही कादंबऱ्यांत एकही नाही. पात्रं जेवतात, जेवून उठतात, हात धुतात. जेवण कुठून आलं हे लेखकाला माहीत नाही.

पोपटी मी मुद्दाम काढली, कारण ती आपल्याकडे बहुधा पुरुषांची. वर्षातून दोन-चार वेळा करायची, शेकोटीभोवती गाणी म्हणायची, दुसऱ्या दिवशी गावभर सांगायचं. पुरुषाचा स्वयंपाक म्हणजे सण. बाईचा स्वयंपाक म्हणजे वार. सणाचं वर्णन होतं, वाराचं होत नाही. वर्षात दोन-चार पोपट्या होतात आणि तीनशे पासष्ट संध्याकाळी जेवण होतं. साहित्य कोणत्या बाजूला आणि जगणं कोणत्या बाजूला, ते वाचकांनीच ठरवावं.

* * *

या विषयावर आकडेही आहेत, आणि आकड्यांशिवाय मला बोलता येत नाही. केंद्र सरकारनं २०१९ साली वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली. घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवत होत्या. जे पुरुष असं काम करत होते, ते ९७ मिनिटं. हे 'जे करत होते' महत्त्वाचं आहे. कारण असं काम करणाऱ्या स्त्रिया शंभरातल्या ८१ होत्या, पुरुष शंभरात २६. म्हणजे उरलेले चौऱ्याहत्तर त्या ९७ मिनिटांतही नव्हते. मी त्या चौऱ्याहत्तरांत होतो. २०२४ साली पुन्हा पाहणी झाली. स्त्रियांची मिनिटं २८९ झाली. पाच वर्षांत दहा मिनिटं कमी. पुरुषांची मात्र वाढली नाहीत; तीही ८८ वर आली!

आपलं पेण या बाबतीत फार बोलकं गाव आहे. गणपतीच्या मूर्ती जशा पेणच्या, तसे पोह्याचे पापड आणि मिरगुंडंही पेणची. या पापडांवर किती घरं उभी राहिली, किती मुलांच्या फिया भरल्या गेल्या, हे मी बँकेच्या काउंटरमागून पाहिलं आहे. पापड लाटणाऱ्या बाईच्या हाताला किलोमागे दर आहे. तोच हात संध्याकाळी घरी जाऊन पोळी लाटतो, तेव्हा त्याला दर नाही. दर नाही तो नाही, त्या कामाला नावही नाही. "काय करतेस?" असं विचारलं तर ती सांगते, "पापड लाटते." पोळ्यांचा उल्लेख ती स्वतःही करत नाही. बाजारात गेलं की श्रम, घरात राहिलं की माया, अशी ही आपली नोंदवही. मायेला मी नाही म्हणत नाही. पण ताळेबंदात एक बाजू कोरी ठेवून दुसरी भरली तर त्याला बँकेत काय म्हणतात, ते मला ठाऊक आहे.

* * *

त्या पास्त्याकडे परत येतो. माझा पहिला आक्षेप होता की हे परकं आहे. हा आक्षेप आमच्या जिल्ह्यात तरी टिकत नाही. चौल-रेवदंड्याला पोर्तुगीज दोनशेहून अधिक वर्षं होते. ज्या मिरचीशिवाय आमचं पान हलत नाही ती, आणि पोपटीत घालतो तो बटाटासुद्धा, मूळचे अमेरिकेतले, समुद्रावरून इकडे आलेले. दक्षिण कोकणात तांदळाच्या शिरवाळ्या नारळाच्या गोड रसात बुडवून खातात. उकडलेल्या पिठाच्या सळ्या आणि दाट पांढरा रस, हे आपल्याला नवं कुठे आहे? आणि खाली-वर विस्तव ठेवून पदार्थ भाजणं तर जुनंच. पाठारे प्रभूंच्या आणि कायस्थांच्या घरांत भानोलं, निनाव हे असेच व्हायचे. झाकणावर निखारे ठेवून. ओव्हन म्हणजे त्या निखाऱ्यांना बसवलेलं बटण.

आमच्या पेणला बेने इस्रायलांची वस्ती होती, त्यांचं एकोणिसाव्या शतकातलं प्रार्थनामंदिर गावात आहे. पेणकर आणि रोहेकर ही आडनावं त्यांच्यात आजही आढळतात. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. १९४८ नंतर त्यांच्यातले बहुतेक इस्रायलला गेले. त्यांच्या धर्मात मांसाबरोबर दूध चालत नाही. मग मटणाचा रस्सा दाट आणि मऊ करायचा तर कशानं? नारळाच्या दुधानं. म्हणजे धर्म आपला, नारळ कोकणचा आणि पदार्थ दोघांचा. ज्या गावात हे घडलं तिथे राहून मी चीजकडे पाहून नाक मुरडत होतो.

तिकडे इटलीतही भट्टीत भाजलेला पास्ता हा मुळात रविवारचा, सणावाराचा थाट. पुढे ओव्हन घराघरांत पोचले आणि तो कामाच्या दिवशीचा झाला. का झाला, हे सूनबाईंनी एका वाक्यात सांगितलंच आहे. आणखी एक कारण मला नंतर कळलं. हा पदार्थ एकदम टेबलावर येतो. तव्यावर काही उरलेलं नसतं. त्यामुळे करणारं माणूस सगळ्यांबरोबर जेवतं. त्या बुधवारी सून आमच्याबरोबर पहिल्या घासापासून बसली होती, हे मला दुसऱ्या दिवशी आठवलं. भाकरीवर माझं प्रेम आहे आणि राहील. पण गरम भाकरीची किंमत कोण देतं, हे न विचारता केलेलं ते प्रेम होतं.

* * *

पुढच्या बुधवारी मी करतो म्हणालो. घरात शांतता पसरली. नातीनं विचारलं, "आजोबा, आपण मग बाहेरून मागवायचं का?"

पत्नी दाराशी खुर्ची टाकून बसली, तपासनीस शाखेत येऊन बसतो तशी. मी अर्धा किलो खिमा आणला होता. त्यात कांदा, लसूण, मिरपूड, मीठ घातलं आणि गोळे वळून तेलात सोडले. सगळे फुटले. "पाव भिजवून घातलात का?" खुर्चीतून प्रश्न आला. नव्हता घातला. दुधात भिजवलेला पाव आणि एक अंडं घातलं की खिमा धरून राहतो आणि आतला रसही पावात अडकून राहतो, म्हणून गोळा कोरडा पडत नाही. दुसरा घाणा लिंबाएवढ्या गोळ्यांचा केला, तो टिकला. मग सॉस. पन्नास ग्रॅम लोण्यात तेवढाच मैदा परतायचा आणि पाऊण लिटर दूध घालायचं. मी सगळं दूध एकदम ओतलं. गुठळ्या झाल्या, बिरड्यातल्या वालाएवढ्या. मैद्याच्या कणाकणाला आधी लोणी लागायला हवं, मग दूध थोडं थोडं, ढवळत ढवळत. कण सुटे राहिले तरच ते सारखे फुगतात. कर्ज देताना एकदम सगळी रक्कम हातात द्यायची नसते, टप्प्याटप्प्यानं द्यायची असते, हे मी तिशीत शिकलो होतो. दुधाच्या बाबतीत शिकायला छत्तिसाच्या जागी सहासष्ट वर्षं लागली. पास्ता दोन-तीन मिनिटं कच्चाच उतरवायचा, कारण उरलेला तो ओव्हनमध्ये सॉस पिऊन शिजतो. मी पूर्ण शिजवला होता, त्यामुळे त्याची खीर झाली. शेवटी चीज किसून दोनशे अंशांवर पंचवीस मिनिटं.

ती पंचवीस मिनिटं मी बसलो नाही. ओटा पुसायचा होता. भांड्यांचा ढीग होता. सुनेला जी बसायला मिळत होती असं मी समजत होतो, त्यातही ती बहुधा अर्धा वेळ भांडीच घासत असणार, हे तेव्हा लक्षात आलं.

पदार्थ बरा झाला. मुलगा दोनदा घेऊन जेवला आणि म्हणाला, "पुढच्या आठवड्यात माझी सकाळपाळी आहे, शुक्रवार मी करतो." माझ्या दृष्टीनं तो त्या भांड्यातला सगळ्यात चांगला घास होता.

पण खरा धडा तिसऱ्या बुधवारी मिळाला. मी तयारीत होतो आणि सहज पत्नीला विचारलं, "कांदे किती घेऊ? दूध पुरेल ना? चीज आहे का संपलं?" ती म्हणाली, "म्हणजे विचार मीच करायचा आणि ढवळायचं तेवढं तुम्ही. ह्याला मदत म्हणतात, काम नव्हे."

हा फरक मला कोणी तरी बँकेच्या भाषेत आधी सांगायला हवा होता. मी शाखेत होतो तेव्हा 'बँकेला मदत' करत नव्हतो. रोख जुळली नाही तर जबाबदारी माझी होती. स्वयंपाकात सगळ्यात जड गोष्ट मैदा भाजणं नाही की कांदा चिरणंही नाही. दुपारी चार वाजता डोक्यात सुरू होणारा प्रश्न जड आहे: आज काय करायचं? घरात काय आहे, काय संपलंय, सासऱ्यांना तिखट चालत नाही, मुलीला वांगं नको, कालचा भात उरलाय. हा प्रश्न पोळ्यांसारखा दिसत नाही, पापडांसारखा मोजता येत नाही. शाळेत फळ्यावर लिहिताना तो असतो, ऑफिसात फाइल उघडताना तो असतो. चाळीस वर्षं तो माझ्या पत्नीच्या डोक्यात होता आणि मी त्याला 'आमच्याकडे जेवण वेळेवर असतं' असं म्हणत होतो.

हे सगळं मध्यमवर्गाचे चोचले आहेत, असं कोणी म्हणेल. ओव्हन सगळ्यांकडे नाही, खिमा-चीज रोज परवडत नाही, रोज खाऊही नये. मान्य. पेणच्या बाजारात पहाटे रानभाजी घेऊन येणाऱ्या कातकरी बाईला परत जाऊन चूल पेटवायची असते, तिच्यापुढे मी पास्त्याच्या गोष्टी काय सांगणार? पण तिच्याही घरी प्रश्न तोच आहे, फक्त भांडं वेगळं आहे. ओव्हन नसेल तर जाड बुडाची कढई आणि वर झाकण आहे. शाकाहारी घरात गोळे कोबीचे होतील, पनीरचे होतील. पास्ताच हवा असंही नाही, खिचडीही तितकीच प्रामाणिक. ती कोणत्या वारी कोणाच्या नावावर आहे, एवढंच ठरवायचं आहे. आणि नुसती ढवळायची नाही, ठरवायची, आणायची, करायची आणि भांडीही आवरायची.

पत्नीचा खांदा आता बरा आहे. तिनं लाटणं पुन्हा हातात घेतलंय, तिला ते आवडतं असं ती म्हणते, आणि मी आता त्यावर चटकन विश्वास ठेवत नाही. बुधवार मात्र माझ्याकडेच राहिला. मंगळवारी रात्री मी यादी करतो. हा लेख लिहायला बसलो तेव्हा ती मागून डोकावली, दोन ओळी वाचल्या आणि म्हणाली, "तुम्ही चार बुधवार केलेत आणि रविवारच्या पुरवणीत लेख. मी चाळीस वर्षं केलं, मला कोणी एक पोस्टकार्डसुद्धा पाठवलं नाही."

यावर उत्तर नाही. बँकेत असताना जुन्या थकबाकीवर आम्ही एक शेरा मारायचो: वसुली कठीण. ही थकबाकी तशीच आहे, फेडून संपणारी नाही. निदान ती वहीत दिसावी, म्हणून ही नोंद.

आता उठतो. चार वाजले आहेत, आणि घरात चीज आहे की नाही ते मलाच बघायचं आहे.